अडीच वर्षांची फ्रेंच

भाषा हा दोन मनांना जोडणारा पूल असतो. हे वाक्य मी माझ्या निवृत्तीच्या समारंभात म्हटलं होतं. कोर्टात मराठी कागदांचं इंग्रजी आणि इंग्रजी कागदांचं मराठी करण्यात माझी सगळी नोकरी गेली, त्यामुळे असं एखादं वाक्य म्हणण्याचा मला हक्क आहे असं सगळ्यांनाच वाटलं. टाळ्या पडल्या. कोणीतरी खांद्यावर शाल घातली आणि शालीच्या आत मला घाम फुटला. पूल म्हटलं की लोकांना त्यावरून पलीकडे जाणं आठवतं. मला आता त्याच्या भोवती वर्षानुवर्षं उभे असलेले पत्रे आणि ‘काम चालू आहे, सहकार्य करा’ ही पाटी आठवते.

मार्च पुन्हा आला आहे. भाईंदरच्या जेसल पार्कातल्या आमच्या इमारतीत मार्च आधी कानाला कळतो. दुसऱ्या मजल्यावरून आम्लांचे गुणधर्म ऐकू येतात, चौथ्या मजल्यावरून हिमालयातल्या नद्या. कोणाचा टीव्ही मोठा झाला तर समोरच्या खिडकीतून एखादी आई हात जोडते, “भाभी, थोडा कम करो ना, बच्ची का बोर्ड है.” लग्नाच्या वरातींनासुद्धा आमच्या गल्लीत शिरताना क्षणभर अपराधी वाटतं. खाडीवरून येणारा वारा कोरडा होतो. तिकडे मिठागरांत मिठाचे ढीग चढायला लागतात आणि दुपारी त्यांच्याकडे डोळे उघडून बघता येत नाही. उत्तनच्या बाजूने येणारी बस स्टेशनला रिकामी झाली तरी तिच्यातला सुक्या बोंबलांचा वास उतरत नाही.

गेल्याच्या गेल्या वर्षी याच दिवसांत या इमारतीत आणखी एक जण पाठांतर करत होता. त्याचं वय साठीच्या पुढचं होतं. त्याला बोर्ड नव्हतं, हॉल तिकीट नव्हतं. पण परीक्षा दर रविवारी होती आणि परीक्षक अडीच वर्षांची होती.

माझा मुलगा निखिल फ्रान्समध्ये तुलूझला असतो. त्याची बायको क्लेर तिथलीच. त्यांच्या मुलीचं नाव लीला. नाव ठरवताना निखिल फोनवर अभिमानाने म्हणाला होता, “बाबा, दोन्हीकडे चालतं.” तिकडे तिला लिला म्हणतात, दीर्घ ईकाराची थोडी काटकसर करून. ती बोलत नव्हती तोपर्यंत काही अडलं नाही. न बोलणारं मूल सगळ्यांचं असतं. आम्ही मोबाइलच्या पडद्यासमोर टाळ्या वाजवायचो, ती हसायची. माझी बायको मंगल अडगुलं मडगुलं म्हणायची, ती तरीही हसायची. मग ती बोलायला लागली, आणि बोलायला लागलेलं मूल कोणाचं तरी होतं. ती फ्रेंचमध्ये बोलायला लागली. एका रविवारी मी नेहमीसारखं, “काय गं लीलाबाई, जेवलीस का?” म्हटलं. तिने माझ्याकडे बघितलं, मग बापाकडे बघितलं आणि खुर्चीवरून उतरून निघून गेली. चुकून उघडलेलं दुसऱ्याचं पाकीट आपण जसं परत ठेवतो, तसं तिने मला परत ठेवलं.

“तू तिच्याशी मराठीत का बोलत नाहीस?” मी निखिलला विचारलं.

“बोलतो ना बाबा. झोपवताना बोलतो.”

“म्हणजे ती झोपल्यावर.”

तो हसला. “घरी येईपर्यंत सात वाजतात. क्लेरलाही कळायला हवं ना मी काय बोलतोय ते. आणि खरं सांगू का, इथे ती मराठी बोलणार कोणाशी?”

या प्रश्नाला एक उत्तर होतं. ते समोर बसलेलं दिसत होतं. मुलाला दिसलं नाही, आणि स्वतःचं नाव पुरावा म्हणून दाखल करायची मला सवय नाही.

मला तिला फार काही सांगायचं नव्हतं. संस्कार, परंपरा वगैरे शब्द मी कोर्टात इतक्या दाव्यांत वाचले आहेत की घरी आणायची इच्छा होत नाही. मला फक्त एवढं हवं होतं, की पडद्यातला हा म्हातारा कोण आहे हे तिला माझ्या तोंडून कळावं. तिचा बाप लहान असताना माझ्या खांद्यावर बसून उत्तनच्या किनाऱ्यावर वाळत घातलेल्या बोंबलांच्या माळा बघायचा आणि त्यांना “कपडे, कपडे” म्हणायचा, हे तिला सांगणारा जगात मी एकटा आहे. मंगलनेही ते बघितलेलं नाही. ती त्या वेळी आईच्या आजारपणासाठी अलिबागला होती. मी गेलो की हे गेलं. निखिलला स्वतःला ते मी सांगितलं म्हणून माहीत आहे.

मग मी फ्रेंच शिकायला घेतली. तीस-बत्तीस वर्षं दोन भाषांत ये-जा केलेल्या माणसाला तिसरीची काय भीती, असं मला वाटलं. भाषांतरकाराचा हा खास गैरसमज आहे. त्याला वाटतं, भाषा म्हणजे शब्दकोश आणि सवड.

सवड होती. मोबाइलवर एक अ‍ॅप घेतलं, जे रोज सकाळी माझ्या चिकाटीची आरती करायचं. त्यात मी ‘सफरचंद टेबलावर आहे’ हे निरनिराळ्या प्रकारे सिद्ध करायचो. इतका सोपा मुद्दा माझ्या नोकरीत कधी आला नव्हता, आणि इतक्या वेळा मी हरलोही नव्हतो. एका व्हिडिओत एक उत्साही तरुणी सांगत होती की क्लास लावू नका, देश बदलू नका, घराचाच फ्रान्स करा. ती सांगताना तिच्यामागे खरोखरच फ्रान्स दिसत होता. मी भाईंदर पूर्वेत, दोन खोल्या आणि एका किचनमध्ये हे काम हाती घेतलं. दाराला दार, आरशाला आरसा, फ्रीजला फ्रीज अशा चिठ्ठ्या लागल्या. सकाळी मंगलच्या आकाशवाणीच्या जागी इंटरनेटवरून फ्रेंच रेडिओ सुरू झाला.

“बातम्याच आहेत ना?” मंगलने विचारलं.

“हो.”

“काय म्हणतायत?”

मी कान दिले. “शेतकरी रस्त्यावर उतरलेत.”

“मग मराठीच लावा की.”

खरा गोंधळ डाळींचा झाला. आमच्याकडे डाळींचे डबे स्टीलचे, एकसारखे. मंगलला ते जागेवरून कळतात. पहिला तुरीचा, दुसरा मुगाचा, अशी तिच्या हाताला सवय आहे. मी चिठ्ठ्या लावायला एका दुपारी सगळे खाली काढले, उघडून बघितले, लेबलं चिकटवली आणि परत ठेवले. संध्याकाळी किचनमधून हाक आली.

“अहो, हे काय आहे?”

“डाळ.”

“डाळ आहे हे मलाही माहितीये. कुठली?”

मी जाऊन बघितलं. तूर, मूग, मसूर, उडीद, हरभरा, सगळ्यांवर मी एकच शब्द लिहिला होता. लाँतीय. “त्यांच्याकडे सगळ्यांना एकच म्हणतात बहुतेक.”

“आणि आमटी कसली करतात ते?”

त्या रात्री आम्ही जे खाल्लं ते उडदाचं होतं आणि त्याला फ्रेंचमध्येही नाव नसावं. मंगलने जेवताना एकच वाक्य उच्चारलं. “भाषा शिका, पण माझ्या मांडणीला शिकवू नका.”

मोठ्याने सराव करायला घर पुरेना, म्हणून मी खाडीकाठी जायला लागलो. कानात इअरफोन घालून एकटाच बोलणारा माणूस आता वेडा ठरत नाही, ही विज्ञानाची एक निर्विवाद प्रगती आहे. ओहोटी लागलेली असायची. चिखलात एखादं बगळ्यासारखं काही तरी अत्यंत गंभीरपणे उभं असायचं. त्याला मी रोज नमस्कार करून माझं नाव, गाव आणि व्यवसाय सांगायचो. तिथल्या बाकावर सावंत बसलेले असत. सावंत आमच्या खालच्या मजल्यावर राहतात, मूळचे रत्नागिरीकडचे; आयुष्यभर बसवर कंडक्टर होते आणि अजूनही समोरच्याकडे तो तिकीट न काढता आला आहे अशा नजरेने बघतात.

“काय मोरे, काय म्हणतंय फ्रान्स?”

“चाललंय.”

“काल तुम्ही कोणाला दम देत होतात चालता चालता?”

“दम कसला? बस कुठे थांबते ते विचारत होतो.”

“मग मला विचारायचं! मी फुकट सांगितलं असतं.” मग जरा थांबून, “आणि आजोबांना काय म्हणतात हो तिकडे?”

फ्रेंचमध्ये आजोबांना पापी म्हणतात. यावर सावंतांनी जे विनोद करायचे ते त्याच संध्याकाळी करून घेतले. मी ते पुन्हा सांगत नाही. तुमचे करून झाले असतीलच.

माझी फ्रेंच कोर्टातून आलेली होती. म्हणजे वाक्य डोक्यात पूर्ण तयार झाल्याशिवाय मी तोंड उघडत नसे. रविवारच्या कॉलआधी मी कागदावर मसुदा करायचो. मी काय विचारणार, त्यावर ती काय म्हणेल, त्यावर मी काय म्हणणार. पुस्तकातून शिकल्यामुळे सुरुवातीला मी नातीला अहो-जाहो करत होतो. मंगल म्हणाली, “मुलाला अरे म्हणता आणि हिला अहो?” क्लेरशी मी इंग्रजीत बोलतो. ती एकदा अगदी प्रेमाने म्हणाली, “तुम्ही मांजराबद्दल बोलता तेव्हा असं वाटतं, त्याला अटक झाली आहे.”

आणि तरीही तो मार्च, तो एप्रिल. त्याच्याविषयी लिहायला बसलो म्हणून हे सगळं लिहितो आहे.

त्या दोन-अडीच महिन्यांत एक गोष्ट घडली, ती कोणी ठरवली नव्हती. लीलाची फ्रेंच आणि माझी फ्रेंच एकाच उंचीची झाली. तिला मांजर येत होतं, मला मांजर येत होतं. तिला लाल, निळा, पिवळा येत होते. मला हिरवाही येत होता, पण तिच्याकडे पाऊस होता आणि माझ्याकडे तो अजून यायचा होता. ‘कुठे आहे?’ दोघांनाही येत होतं. ‘नाही’ तिला माझ्यापेक्षा चांगलं येत होतं. आणि एक शब्द होता, पार्ती. म्हणजे गेला, निघून गेला. ती पडद्यासमोर एक लाकडी ससा धरायची आणि मग पाठीमागे लपवायची. मी विचारायचो, ससा कुठे आहे? ती दोन्ही हात पसरून म्हणायची, पार्ती. मी कपाळावर हात मारून म्हणायचो, पार्ती! मग ससा परत यायचा. यात पुढे काही घडत नसे. मी आयुष्यात खूप माणसांशी खूप विषयांवर बोललो आहे, पण दोन्ही बाजूंना सगळं कळतंय असं संभाषण मला दुसरं आठवत नाही.

बाहेर ऊन तापलेलं असायचं. संध्याकाळचे पाच-साडेपाच, त्यांची दुपारच्या जेवणाची वेळ. पंखा पूर्ण वेगाने. खालून कोणाची तरी तोंडी परीक्षा ऐकू यायची, आई प्रश्न विचारते आहे आणि मुलगी थकलेल्या आवाजात उत्तर देते आहे. मंगल कैरीचं पन्हं करून माझ्या बाजूला ठेवायची आणि पडद्यात हळूच डोकावायची. लीला तिला बघून हात हलवायची. मंगल म्हणायची, “काय म्हणते?” मी म्हणायचो, “ससा गेला.” “अरेरे,” मंगल म्हणायची, अगदी मनापासून, आणि किचनमध्ये निघून जायची.

एका रविवारी क्लेर तिला मांडीवर घेऊन बसली होती. समोर प्राण्यांचं चित्रांचं पुस्तक होतं, ते आमच्या दोघांच्याही बाजूने दिसेल असं धरलेलं. क्लेर बोट ठेवायची, आम्ही ओरडायचो. गाय. कुत्रा. घोडा. मग एक चित्र आलं. बर्फावर पसरलेला, काळा, गुळगुळीत, मिशा असलेला एक प्राणी. तो सील होता, हे मला दिसत होतं; पण त्याला फ्रेंचमध्ये काय म्हणतात ते मला येत नव्हतं आणि सील नावाची वस्तू जगात आहे हे तिला माहीत नव्हतं. आम्ही दोघांनी एकाच वेळी, एकाच शब्दाने ठामपणे सांगितलं, पुआसों. मासा.

क्लेर म्हणाली, नाही, मासा नाही, आणि खरं नाव सांगितलं.

लीलाने मान हलवली. मासा.

क्लेरने माझ्याकडे बघितलं, वडीलधाऱ्या माणसाकडून मदतीची अपेक्षा असते तसं. मी त्या क्षणी काय करायला हवं होतं हे मला माहीत होतं. मी म्हणालो, मासा. मोठा मासा.

लीला पडद्यातून माझ्याकडे बघून हसली. ते हसणं म्हाताऱ्या माणसाकडे बघून मुलं हसतात तसलं नव्हतं. शाळेत बाईंनी एकाच चुकीसाठी दोघांना उभं केलं की शेजारच्या बाकावरचा मुलगा हसतो तसं ते होतं. त्या संध्याकाळी मी खाडीकाठी गेलो तेव्हा सावंत म्हणाले, “आज काय, पास झालात वाटतं.” मी म्हणालो, “नाही. दोघंही नापास.” त्यांना काही कळलं नाही. पण त्यांनी बाकावर सरकून जागा करून दिली.

मी मूर्ख नव्हतो. हे टिकणार नाही हे मला माहीत असायला हवं होतं. दोन गाड्या एकाच वेळी एका स्टेशनात उभ्या असल्या तर त्या एकाच ठिकाणी चालल्या आहेत असं कोणी धरून चालत नाही. पण माणूस खिडकीतून बाजूच्या गाडीतल्या माणसाकडे बघतो, तो आपल्याकडे बघतो, आणि तेवढा वेळ दोघं सोबत प्रवास करत असल्यासारखे वाटतात.

पावसाळ्यापर्यंत तिच्याकडे ‘का?’ आला. पुर्क्वा. ससा गेला. का? माझ्या मसुद्यात याची तरतूद नव्हती. मी पुढच्या रविवारी कारण तयार करून गेलो, तेव्हा ससा विषयातून बाद झाला होता. सप्टेंबरात ती शाळेत गेली आणि तिच्या तोंडून वाक्यं एकमेकांना धरून, न थांबता यायला लागली. त्यांत शेवट कुठे होतो तेच मला कळेना. एकदा ती बराच वेळ काही तरी सांगत होती. त्यातले मला बाई, बूट आणि मेला एवढे तीन शब्द लागले. या तीन शब्दांवर मी ओळीने आनंद, आश्चर्य आणि दुःख दाखवलं. क्रम चुकला असावा.

कोर्टात न समजलेल्या साक्षीला मान डोलावायची नसते. “साक्षीदाराने पुन्हा सांगावं” असं म्हणायचं असतं. मी मान डोलावत राहिलो, कारण पुन्हा सांगायला लावलं तर ती उठून जाईल अशी मला भीती होती. काही महिने हे चाललं. मग हिवाळ्यातल्या एका रविवारी ती सांगता सांगता थांबली, माझ्या डोलणाऱ्या मानेकडे लक्षपूर्वक बघत राहिली आणि बापाकडे वळून म्हणाली, पापीला काही कळत नाहीये.

राग नव्हता, तक्रार नव्हती. बाहेर पाऊस पडतो आहे असं सांगावं तसं. ते वाक्य तिने तिच्या नेहमीच्या वेगाने म्हटलं होतं आणि मला ते पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत समजलं. अ‍ॅप, रेडिओ आणि डाळीचे डबे, या सगळ्यांनंतर पूर्ण वेगाने बोललेलं आणि मला पूर्ण समजलेलं ते पहिलं फ्रेंच वाक्य.

निखिल घाईने म्हणाला, “बाबा, ती आज दमलीये.”

“हो,” मी म्हणालो. मराठीत.

गेल्या डिसेंबरात ते सगळे आले. आमच्या घरात चार बॅगा, सर्दीची औषधं आणि एक सव्वाचार वर्षांची मुलगी. मी तिच्यासाठी महिनाभर तयारी केली होती. एकच वाक्य. तिचा बाप, खांदा, किनारा, मासे. ते मी क्लेरकडून किंवा निखिलकडून तपासून घेतलं नाही. आपला मसुदा पक्षकाराला आधी दाखवायचा नसतो.

ती घरभर फिरली, सगळ्या चिठ्ठ्यांवर हात फिरवून आली, गॅलरीतून खाली “भैया, आज भिंडी क्या भाव?” करत सौदा करणाऱ्या बायकांकडे बघत राहिली. मंगलने तिच्या केसांना तेल लावलं, वेणी घातली, तोंडाने अखंड मराठी. लीला गप्प बसून राहिली आणि तेल संपल्यावर उठून आईकडे गेली. रात्री मंगल उशीला टेकून म्हणाली, “तुम्ही बोलता तेव्हा ती निदान खाली बघते. मी बोलते तेव्हा तिला वाटतं पंखा चालू आहे.” मला वाटलं होतं आमच्या दोघांपैकी एकाला तरी काही साधलं असेल.

माझ्याशी ती बोलत होती. अगदी रोज बोलत होती. पण काही तरी विचित्र होतं आणि ते काय हे मला दोन दिवस कळलं नाही. आईशी बोलताना तिची वाक्यं धावत जायची. माझ्याकडे वळली की ती थांबायची, श्वास घ्यायची आणि एकेक शब्द सुटा करून, थोड्या मोठ्या आवाजात म्हणायची. मांजर. पापी, मांजर. लाल. आपण परक्या माणसाशी बोलतो तसं. तिने माझ्यासाठी तिची अडीच वर्षांची भाषा जपून ठेवली होती. तिला ती लहान झालेली होती. पण मला तीच येते हे तिने लक्षात ठेवलं होतं, आणि माझ्याशी बोलायची वेळ आली की ती तीच भाषा अंगावर चढवून यायची. माझ्यावर आजवर अनेकांनी उपकार केले, त्यांतल्या बहुतेकांनी ते बोलूनही दाखवले. हा उपकार करणारीला आपण उपकार करतोय हे माहीतही नव्हतं, त्यामुळे नाकारताही येईना.

एका सकाळी रिक्षा करून आम्ही डोंगरीमार्गे उत्तनला गेलो. ऊन कोवळं होतं. किनाऱ्यावर बांबूंच्या आडव्या काठ्यांवर बोंबील लटकत होते, तोंडात तोंड अडकवून, माळेसारखे, वाऱ्यावर जरा हलणारे. एक कोळीण त्यांना परतत होती. तिने क्लेरकडे बघून मला विचारलं, “सून हाय काय?”

“हो.”

“मराठी येते?”

“न्हाय,” मी म्हणालो, तिच्याच पद्धतीने.

“मग तुमी बोलता कसं?”

“बोलत न्हाय,” मी म्हणालो. ती हसली. तिला तो विनोद वाटला.

लीला माळांखाली उभी राहून वर बघत होती. मी तिच्याजवळ गेलो, वाकलो आणि माझं वाक्य म्हटलं. तुझा बाबा लहान होता, इथे, माझ्या खांद्यावर बसून हे बघायचा आणि म्हणायचा, कपडे. मी हळू म्हटलं. काही गाळलं नाही. माझ्या मते ते निर्दोष होतं.

तिने माझ्याकडे शांतपणे बघितलं. तिला यातलं काहीही कळलेलं नव्हतं. ते तिच्या भुवयांत दिसत होतं. पण तिने मान डोलावली. मी डोलावायचो तशीच. मग तिने माझा हात धरला, वर लटकणाऱ्या बोंबलांकडे बोट केलं आणि मला सोपं जावं म्हणून, खूप सावकाश म्हणाली, पु-आ-सों. पापी, पुआसों.

मासा, मी म्हणालो. मोठा मासा.

मागे उभ्या असलेल्या क्लेरने मला काय म्हणायचं होतं ते इंग्रजीत विचारून घेतलं आणि लीलाला फ्रेंचमध्ये दोन ओळींत सांगितलं. लीलाने “आ!” केलं, पळत जाऊन निखिलचा शर्ट ओढला आणि त्याच्याकडून स्वतःला खांद्यावर बसवून घेतलं. म्हणजे निरोप पोचला. भाषांतर दुसऱ्याने केलं एवढंच. आणि चांगल्या भाषांतराची खूण अशी की ऐकणाऱ्याला मूळ कोणी सांगितलं ते आठवत नाही, हे मी स्वतःच नव्या लोकांना शिकवत आलो आहे.

ते गेले. घरात तेलाचा वास आणि एक मोजा राहिला. रविवारचा कॉल महिन्यातून एकदाच व्हायला लागला. मी अ‍ॅप बंद केलं नाही. ते रोज सकाळी आरती करतं आणि मी रोज सकाळी तिथे उभा राहतो, एवढंच. रेडिओ मात्र मंगलने परत मराठी केला. शेतकरी अजूनही रस्त्यावर आहेत.

आणि गेल्या महिन्यात निखिलचा फोन आला. “बाबा, आम्ही म्युनिकला चाललोय. ऑगस्टमध्ये. कंपनी पाठवतेय.”

“किती दिवस?”

“दिवस नाही हो, चार-पाच वर्षं तरी. जर्मनी.”

“आणि लीला? तिला तिथली भाषा?”

“काय येणार? शून्य. आम्हालाच येत नाही.”

मी चिंतेचे दोन शब्द बोललो, फोन ठेवला आणि थोडा वेळ खिडकीशी उभा राहिलो. शून्य. दुसऱ्या मजल्यावर पुन्हा आम्लं सुरू झाली होती. सप्टेंबरात ती मुलगी एका वर्गात बसेल आणि तिला मांजरही म्हणता येणार नाही. सप्टेंबर यायला सबंध उन्हाळा होता. या वेळी मी आधी निघालो तर, माझ्या चालीने का होईना, ती सुरू करेल तेव्हा मी तिच्या बाजूला पोचलेलो असेन. पुन्हा एकदा लाल, निळा, कुठे आहे, गेला. मग ती पुढे जाईल, जाऊ दे. पण एक हंगाम मिळेल. आणि त्या हंगामात मी मसुदा न करता तिला बोंबलांचं सांगेन.

मी जर्मन सुरू केली. मंगलने पुस्तक बघितलं आणि फक्त म्हणाली, “डब्यांना हात लावायचा नाही.” आणि संध्याकाळी ती माझ्या बाजूला येऊन बसायला लागली. “मांजराला काय म्हणतात यांच्यात?” तिने एकदा विचारलं, आणि मी सांगितल्यावर स्वतःशीच दोनदा म्हणून बघितलं. सावंत म्हणाले, “आता दम जरा जास्त बसतोय तुमचा.” मार्चचं ऊन चढत होतं, सगळी इमारत घोकत होती, आणि त्या घोकण्यात आमच्या घराचा आवाज पुन्हा मिसळला होता. इतक्या दिवसांनी मला सकाळी उठायला कारण होतं आणि ते कारण लाजिरवाणं वाटत नव्हतं.

परवाच्या रविवारी मी निखिलला, जरा विचार करून, प्रत्येक शब्द तोलून सांगितलं, “लीलाला सांग, जर्मन आपण दोघं बरोबर शिकायची. तिथे तू, इथे पापी.”

निखिलने मला सावकाश, एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

म्युनिकला फ्रेंच शाळा आहे. फी कंपनी भरते. लीलाचा प्रवेश झाला आहे, आणि तिच्या वर्गात जर्मन ऐच्छिक आहे.